फाईलमधली मुलगी

न्यायाधीशांचा फोन आला तेव्हा तपासनीस बाईंनी चहाचा पहिला घोटही घेतला नव्हता. टाकून दिलेल्या एका मुलीच्या दत्तकाची सुनावणी दुपारी तीनला होती. दत्तक घेणारी परदेशी बाई चार वर्षं थांबली होती, परवा तिचं विमान होतं. फाईलवर एक नजर टाका, म्हणाले. आज सही झाली की मुलगी गेली, मग आपल्या हातात काही राहत नाही.

एक नजर म्हणे! अशा फायली चाळण्यात बाईंचे डोळे अधू झाले होते. मुलगी तीन दिवसांची असताना दवाखान्याच्या पायरीवर सापडलेली, आता सव्वा वर्षाची. पोलिसांचा कागद जागेवर. वर्तमानपत्रातलं निवेदन जागेवर. कुणी दावा केला नाही, तेही लिहिलेलं. शेवटी बालगृहाचा मोजमापांचा तक्ता होता.

सातवा महिना: वजन सात किलो, डोक्याचा घेर चव्वेचाळीस सेंटिमीटर. आठवा महिना: वजन साडेसहा, घेर साडेबेचाळीस.

बाईंनी तो तक्ता दोनदा वाचला आणि चहा तसाच टाकून त्या उठल्या.

बालगृहाच्या अधीक्षिका हसतमुखानं सामोऱ्या आल्या.

"आठव्या महिन्यात वजन का घटलं?"

"ताप होता. पोर पार सुकून गेली होती."

"मोजमापं कोण लिहितं?"

"डॉक्टर. महिन्यातून एकदा येतात, टेप लावतात, आकडा लिहितात, निघतात. पोरांची तोंडं बघायलाही त्यांना सवड नसते."

"तेव्हा आणखी कुणाला ताप होता?"

"एक मुलगी गेली. तात्पुरती ठेवलेली. आई दवाखान्यात होती तिची."

बाईंनी रजिस्टर मागून त्या आईचा पत्ता उतरवून घेतला. कपडे धुण्याच्या कारखान्यात ती चादरींना इस्त्री करत होती. छातीच्या दुखण्यानं दोन महिने दवाखान्यात पडून होते, असं तिनं खालमानेनं सांगितलं. परत आले तर पोर गेलेली, साथीचा ताप म्हणून पुरूनही टाकलेली. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. पोरीचं लसीचं कार्ड मात्र तिनं पिशवीत जपून ठेवलं होतं. बाईंनी ते वाचलं आणि तिला फक्त सोबत यायला सांगितलं. अंदाज चुकला असता तर त्या बिचारीची पोर पुन्हा मेली असती.

तीन वाजता न्यायाधीशांच्या खोलीत सगळे जमले. मुलगी परदेशी बाईच्या मांडीवर होती.

"तापानं वजन घटतं, साहेब," तपासनीस बाई म्हणाल्या. "डोक्याचं हाड घटत नाही. महिनाभरात डोकं दीड सेंटिमीटर लहान झालं, याचा अर्थ टेपखाली दुसरंच पोर होतं. या आईच्या कार्डावर पोरीला बालगृहात ठेवण्याआधीचा घेर आहे, बेचाळीस. जांघेत जन्मखूण आहे, तेही लिहिलंय. फाईलमधल्या कुठल्याच कागदावर ती नाही. बघून घ्या."

दुभाष्यानं समजावल्यावर परदेशी बाईनं स्वतःच लंगोट सैल केला. खूण होती.

"फाईलमधली मुलगी तापानं गेली. तिच्या नावावर हिची मुलगी ठेवली, आणि हिला सांगितलं, तुझीच गेली."



न्यायाधीशांनी अधीक्षिकांना कारण विचारलं.

"तीन दिवस मी डॉक्टरांना बोलावलं नाही. वाटलं, उतरेल ताप. कोर्टाच्या यादीतली मुलगी दगावली असती तर चौकशी लागली असती." त्यांनी इस्त्रीवालीकडे पाहिलंही नाही. "हिच्या मुलीचं कोण विचारणार होतं?"

बालगृहात पोरं सांभाळणाऱ्या बायांना सगळं ठाऊक होतं. नोकरीच्या भीतीनं एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. बाईंना त्या सगळ्यांचीच शिसारी आली.

आईनं उठून हात पुढे केले. पोरीनं तिला ओळखलं नाही. तिनं परदेशी बाईच्या खांद्यात तोंड खुपसलं. परदेशी बाईनं ते इवले हात आपल्या गळ्यातून सोडवले आणि मुलगी आईच्या कडेवर दिली. मुलगी टाहो फोडून रडू लागली.

मग परदेशी बाईनं हळूच काहीतरी विचारलं. दुभाष्याला ते सांगायला जड गेलं.

"त्या विचारताहेत, मग त्यांची मुलगी कुठे पुरली आहे?"

रडणाऱ्या पोरीला थोपटत आईच पुढे झाली.

"मला माहितीये," ती म्हणाली. "दर रविवारी जाऊन बसते मी तिच्यापाशी. चला, दाखवते."