डोळे बांधलेल्या बाईसमोर

"ही बाई आंधळी हाय का?"

मी दचकून मान वर केली. साताऱ्यातल्या मामांच्या वकिली खोलीत एक तरुण शिपाई भिंतीवरच्या चित्रासमोर उभा होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले जुने विलायती चित्र ते... न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी, हाती तलवार नि तराजू. पायाशी ग्रंथांच्या राशीत हरवलेला वृद्ध पंडित.

"आंधळी नाही. तोंड पाहून न्याय करू नये, म्हणून पट्टी."

"आन् ह्यो म्हातारा? समदी पुस्तकं वाचतोय, पर तिला काय पायजे ते इचारत न्हाई."

मला हसू आले. रोज त्याच चित्राखाली मी मामांच्या कागदांच्या प्रती काढत असे. हे कधी दिसलेच नव्हते.

"मामा कोर्टात आहेत. काम काय आपले?"

"कागद पायजे." तो बाकाच्या कडेवर टेकला. "परवा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघालोय. सोमवारी माजं लगीन. मी नसलो तरी हुणार... माज्या खांड्याशी. पोरीनं तलवारीला माळ घालायची, की झाली सून! मी परत न्हाई आलो तर? तवा लिवा, मला हे मान्य न्हाई."

"मुलगी... कुठली?"

"विट्याची. बगितली न्हाई म्या."

"आपले नाव?"

"आकाराम. गाव पलूस."

विट्याची, मामांकडे राहिलेली ती मुलगी मीच होते! महिनाभर मी त्या तलवारीचा द्वेष करीत होते. तिच्यामागे असा हळवा आवाज असेल, हे कुणी सांगितलेच नव्हते. आणि तो कानी पडला, तो नकार घेऊन...

"आणि मुलगी आवडली तर?"

"आवडाय आदी बगाय नगं व्हय?" तो हसला, मग नजर चुकवून म्हणाला, "आवडली तर परत येऊन सोता हुबा ऱ्हाईन. तंवर ती मोकळी. हेबी लिवा."

मी लिहिले — 'वर स्वतः उभा राहिल्याखेरीज लग्न लावू नये.' त्याने सही केली.

"आन् मोकळी?"

"ते मी लिहिणार नाही."

"का वं?"

उत्तरादाखल मी त्याच्या सहीखाली सही केली — विजयमाला, मुक्काम विटा.

त्याने वाचले. पुन्हा वाचले.

"आवं... मग इतका येळ माजा नकार लिवून घेत हुता?"

"नाही," मी म्हणाले, "माझा होकार लिहीत होते."