चढावरचा सहावा खांब

निरीक्षकबाईंची फटफटी चढाला लागली की मागून येणारं प्रत्येक वाहन तिला ओलांडून जायचं. एकदा तर एक तरणाबांड सायकलवाला मान वळवून हसत हसत पुढे निघून गेला होता. बाईंना त्याचं काही वाटत नसे. पन्नास सीसीचं इंजिन, तीन गिअर, आणि एकट्या माणसाने उचलून फुटपाथवर ठेवावी एवढीशी गाडी. भाऊ चिडवायचा, "ताई, हिला पेट्रोल घालतेस की वास देतेस?" बाई हसून सोडून द्यायच्या.

त्यांची नोकरी वजनमापे तपासायची. काट्याखाली चुंबक चिकटवणारे, मापाचा तळ आत ठोकणारे असले नग पकडण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती, आणि खऱ्या गोष्टीची किंमत त्यांना ठाऊक होती. मोठ्या इंजिनाला पाठीवर कोण बसलंय याचा पत्ता नसतो, असं त्या म्हणत. छोट्या इंजिनाला भाजीची पिशवी अडकवली तरी कळतं. घरापासून शाळेपर्यंतच्या चढावर विजेचे दहा खांब होते. बाई एकट्या असल्या तर गाडी आठव्या खांबापाशी दम टाकायची आणि दुसरा गिअर मागायची. मागे लेक असली तर दुसऱ्याच खांबापाशी. लेकीचं वजन चोवीस किलो. म्हणजे चार किलोला एक खांब. बाईंनी हा हिशेब गंमत म्हणून कधीच करून ठेवला होता.

मग लेक तापाने पडली. ताप उतरेना, अन्न पोटात ठरेना. दिवसभर आजी उशाशी बसायची आणि बाई कामावरून आल्या की रात्रीची पाळी घ्यायच्या. शाळेच्या वाटेनेच पुढे ऑफिस होतं, त्यामुळे त्या आता चढ एकट्याच चढत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात गाडीने सातव्या खांबाला दम टाकला.

बाईंनी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री असल्या लहान गाड्यांचा वेडा. त्याने कार्ब्युरेटर उघडून पुसला, प्लग बदलला, चेन पाहिली आणि स्वतः चढावर चक्कर मारून आला.

"ताई, गाडी ठणठणीत आहे. आठव्याच्याही पुढे गेली."

"तुम्ही माझ्यापेक्षा दोन किलोने हलके आहात."

"घ्या. माझंही माप काढलंत का?"

बाईंनी ऑफिसच्या पेटीतली पितळी प्रमाण वजनं आणली. आधी दोन किलो मिस्त्रीच्या पिशवीत घालून त्यालाच चढावर पाठवलं. गाडीने बरोबर आठव्याला दम टाकला. मग मागच्या सीटवर किलो किलो वाढवत नेलं. चार किलो झाले तेव्हा सातवा खांब आला. मग वजनं काढून बाई एकट्या चढल्या. सातवा.

मिस्त्री हात पुसत गाडीकडे बघत राहिला. "ही खोटं बोलणारी गाडी नाही, ताई," तो म्हणाला, आणि त्याने मजुरीचा विषयच काढला नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टर घरी आले. लेकीला काट्यावर उभं केलं. वीस किलो. "चार किलो उतरलंय," ते म्हणाले. "फार झालं." बाई मान हलवत राहिल्या. दोन आकडे सारखे आले म्हणून काही सिद्ध होत नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

पाचव्या आठवड्यात काटा सोळावर आला. डॉक्टर म्हणाले, आणखी घसरली तर घरी ठेवता येणार नाही, आणि इस्पितळात नेऊनही मी शब्द देऊ शकत नाही. आजीने पदर तोंडाला लावला. बाईंनी गाडीची किल्ली उचलली आणि दिवसाउजेडी, काही काम नसताना, चढाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता.

गाडी निघाली. पहिला खांब, दुसरा, तिसरा. ऊन स्वच्छ होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चौथ्या खांबापाशी पाठीला ऊब जाणवली, कुणीतरी गाल टेकवावा तशी. बाईंनी मागे पाहिलं नाही. पाचवा.

सहाव्या खांबाला गाडीने दम टाकला. आठ किलो.

त्यांनी गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. आयुष्यभर ज्या आवाजात माप मारणाऱ्या दुकानदारांना दरडावलं, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीचं चोरून खातेस? उतर. आत्ताच्या आत्ता खाली उतर."

क्षणभर काहीच झालं नाही. मग सीटची स्प्रिंग कुरकुरली आणि गाडीचा मागचा भाग अलगद वर आला.

बाईंनी गाडी वळवली, पायथ्यापासून पुन्हा वर आणली. सहावा खांब मागे गेला, सातवा गेला. आठव्यापाशी गिअर बदलताना त्या मोठ्याने रडल्या. आनंदाने रडल्या.

घरी पोचल्या तर आजी दारातच उभी. "अगं, ताप उतरला. पेज मागून प्याली पोरगी."

दहा दिवसांत लेक हिंडूफिरू लागली. मागून मागून खात होती, आजीला कोडी घालत होती, भिंतीला टेकून मामाची नक्कल करत होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि शाळेत पाठवा म्हणाले. काटा त्यांनी पिशवीतून काढला नाही, आणि बाईंनीही आठवण केली नाही. किती भरतं ते कशाला बघायचं? पोर समोर हसत होती.

सोमवारी सकाळी लेक मागे बसली. दोन्ही हातांनी आईची कंबर धरली. हात उबदार होते, बोटं घट्ट होती.

"नीट धरलंस ना?"

"हो गं."

पहिला खांब गेला. बाईंची बोटं क्लचवर तयार होती.

दुसरा खांब गेला. इंजिनाचा आवाज बदलला नाही.

मागे लेक गुणगुणत होती. तिचा श्वास मानेला लागत होता.

तिसरा गेला. चौथा. गाडी पळत होती, एकटं माणूस असावं तशी.

पाचवा.

"आई, हळू घे," लेक म्हणाली. "मला इथे उतरायचंय."

"शाळा वर आहे, बाळा."

"माहीत आहे."

"मग इथे कशाला?"

कमरेवरचे हात सैल झाले.

"थोडी थोडी करून मीच येत होते तुझ्या मागे. इथेच तर उतरवलंस मला," लेक साध्या आवाजात म्हणाली. "तेव्हापासून उभी आहे मी."

बाईंनी समोर पाहिलं. सहाव्या खांबाजवळ कुणीच नव्हतं. गाडी तिसऱ्या गिअरवर, जराही दम न टाकता, खांबाच्या शेजारून पुढे निघून गेली.