मोटरघरावरचा दिवा

चोरी अजून झालेली नव्हती, पण चोर ठरून गेला होता.

"नत्थुजीच हाय, मॅडम," मनोज म्हणाला. "तीस वर्सं झाले त्याले आमच्या वावरात. पण बाबा म्हणते, पुरावा आण, मंगच काढ. म्हणून तुमाले फोन केला."

मंगळवारची दुपार होती. अकोटहून अंजनगाव सुर्जीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मनोजच्या वडिलांचा, शेषरावांचा फुलांचा मळा होता. खासगी तपासनीस रागिणी वानखडे अमरावतीहून नुकतीच तिथे पोहोचली होती. सोबत तिचा एकमेव सहकारी, निवृत्त हवालदार ओमप्रकाश. तो गाडी सावकाश चालवायचा आणि निष्कर्ष मात्र भरधाव काढायचा.

"चोरीला काय गेलं?"

"अजून काही नाही. पण आजूबाजूच्या तीन मळ्यांतून मोटरीचे केबल गेले, तांब्यासाठी. म्हणून पोळ्याले मी चार सोलर दिवे बसवले. फाटकावर एक, घरावर एक, गोठ्यावर एक अन् मोटरघरावर एक. दिवाळीपर्यंत चारी रातभर जळत होते. आता तीन हप्ते झाले, मोटरघराचा दिवा दिवेलागणीले पेटते अन् अर्ध्या तासात मान टाकते. बाकीचे तीन ठीक हायेत."

"रोज?"

"बुधवार अन् शनिवार सोडून. त्या दोन राती फटफटीत सकाळपर्यंत जळते." मनोजने आवाज खाली आणला. "बुधवारी अन् शनिवारी नत्थुजी बाबासंगं अकोल्याले फुलं घेऊन जाते. थकून येते, म्हणून रातीले आपल्या घरी झोपते. बाकी पाच राती तो इथं राखणीले असते. आता सांगा!"

"सांगायचं काय राह्यलं?" ओमप्रकाश म्हणाला. "चला, गाडी वळवतो."

"तुम्ही स्वतः पाळत ठेवली?" रागिणीने मनोजला विचारले.

"दोन राती. मोटरघरापासून दहा हातांवर बसलो होतो. कोणी फिरकलं नाही. नत्थुजी खाटेवरून उठलासुद्धा नाही. तरी दिवा गेलाच."

रागिणीने मान हलवली. ओमप्रकाशने गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

मोटरघर म्हणजे विहिरीकाठची, हात पोहोचेल इतक्या उंचीची टिनाची खोली. दिवा भिंतीवर होता. त्याची तार वर टिनावर गेली होती. टिनावर एक धोतर वाळत घातले होते, चार पदरी घडीचे. शेजारी दोन झाडांना बांधलेली कपड्यांची तार रिकामीच होती.

ओमप्रकाशने धोतराचे टोक चाचपले. "दोन वाजले तरी ओलंच हाय. आमच्या घरी असं वाळत घातलं असतं तं बायकोनं मलेच तारेवर टांगलं असतं."

रागिणी शेवंतीकडे पाहत होती. पलीकडे पिवळी शेवंती दाट फुललेली होती. मोटरघराला लागून दोन वेगळ्या ओळी होत्या. गुडघ्याच्या वर गेलेल्या, हिरव्यागार, फुलाविना.

"हे पीक पाहा किती जोरदार हाय," ओमप्रकाश म्हणाला.

"जोरदार आहे. फुललेलं नाही." तिने एका झाडाच्या शेंड्याची पाने बोटांनी उघडून पाहिली आणि मिटू दिली. "ही कोणती?"

"पांढरी," मनोज म्हणाला. "ती काही धंद्याची नाही. बाबा तिले हर्रासात काढतही नाहीत. फुलली का शनिवारी नेते, पण बाजारात कोणी पाह्यली नाही. देवाले देत असतीन."

दिवे विकणारा कुंदन अकोटहून आला होता. आपल्या मालावर डाग नको म्हणून तो न बोलावता आला होता.

"ताई, बॅटरी मी दोनदा दुकानात नेली. एक दिवस उन्हात ठेवली, रातभर जळली. इथं आणून लावली का झोपली. वावरात भूत हाय का म्हणा." मग तो मनोजकडे वळला. "अन् मी तुमाले हालचालीवर पेटणारा दिवा दाखवला होता. तुमी म्हणले नको."

"काहून घेऊ? इथं रोही येते, कुत्रे येते. घडी घडी पेटन अन् विझन. मले रातभराचा पाहिजे होता, पांढराफट्ट. वावरात सुई पडली तं दिसली पाहिजे."

"जागा कोणी ठरवली?" रागिणीने विचारले.

"मीच. बाबा म्हणत होते मोटरघरावर नको, रस्त्याकडे लाव. पण केबल कुठी हाय? मोटरघरात!"

नत्थुजी गोठ्यापाशी टोपल्यांना दोऱ्या बांधत बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, काटक. रागिणी समोर बसली तरी त्याचे हात थांबले नाहीत.

"दिवा तुम्ही बंद करता?"

"नाही जी."

"कोण करतं, ठाऊक आहे?"

दोरीला गाठ बसली. "मालकाले इचारा."

"उद्या तुम्हाला इथून जावं लागेल."

"जाईन ना, बाई." त्याने दुसरी टोपली ओढली. "इथं मी बावीस वर्साचा होतो तवा आलो. हर्षाताई तं माह्या खांद्यावर वाढली. पण जे आपलं नाही ते आपुन कावून बोलावं?"

"हर्षाताई कोण?"

नत्थुजी टोपल्या उचलून गोठ्यात गेला.

हर्षाताई कोण ते बेबीताईंनी सांगितले, मनोजच्या आईने. त्यांनी चहा आणला, मागे वळून पाहिले आणि मगच बोलल्या.

"माही पोरगी. अकोल्याले शेतीचं शिकत होती. तिथून आणलेल्या रोपांच्या त्या दोन ओळी, तिनंच लावल्या. मंग तिनं आपल्या मनानं लग्न केलं. तीन वर्सं झाली. धामणगाव रेल्वेले राह्यते. मनोजच्या बाबायनं सगळ्याइच्या समोर सांगितलं, या घरात तिचं नाव काढाचं नाही." त्यांनी कपबशी सरळ केली. "काढत नाही आमी."

"फोन?"

"चहा थंडा होऊन राहिला, मॅडम."

शेषराव शेवटी भेटले. पांढरे धोतर, पांढरा सदरा, बोलणे मोजके.

"नत्थुजी चोर नाही."

"पुरावा?"

"मी सांगून राहिलो ना."

"तुमच्या मुलाला तेवढं पुरत नाही."

शेषरावांनी मोटरघराकडे पाहिले. "तं मंग तुमी शोधा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. दमलेपण होते.

चार वाजता रागिणीने सगळ्यांना मोटरघरापाशी बोलावले. मनोजने नत्थुजीचा हिशेब आजच संपवायचा म्हणून त्याची वळकटी खाटेवरून खाली काढून ठेवली होती. नत्थुजी तिच्याशेजारी उभा होता.

"दिवा रात्री जातो," रागिणी म्हणाली, "म्हणून मनोजभाऊंनी रात्री पाळत ठेवली. कोणीच आलं नाही, कारण यायची गरजच नव्हती. सोलर दिव्याचं पोट दिवसा भरतं. तो उपाशी ठेवायचा तर काम दिवसाच करावं लागतं. ओमप्रकाशजी, ते धोतर काढा."

ओमप्रकाशने धोतर उचलले. खाली टिनावर आडवे बसवलेले काळे पॅनल होते.

"आता माय!" कुंदन म्हणाला.

"तार रिकामी असताना धोतर टिनावर. तेही चार पदरी. वाळत घालणारा माणूस कापड पसरवतो. इथं कोणाला धोतर वाळवायचंच नव्हतं. बॅटरी दुकानात बरी आणि इथं आजारी, त्याचंही कारण हेच."

"पण बुधवार अन् शनिवार?" मनोज म्हणाला. "नत्थुजी तवाच नसते!"

"नत्थुजी एकटेच अकोल्याला जातात का?"

ओमप्रकाशने हातातल्या धोतराकडे पाहिले, मग शेषरावांच्या धोतराकडे, आणि ते हळूच तारेवर टाकले.

"त्या दोन दिवशी दोन माणसं मळ्यात नसतात. तुम्ही एकच मोजला."

"बाबा?" मनोज म्हणाला. "काहून पण?"

रागिणी पांढऱ्या ओळीपाशी गेली.

"शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. पूर्ण काळोखाची. तुम्ही पोळ्याला तिच्या डोक्यावर रात्रभराचा दिवा लावला. पिवळी दिव्यापासून दूर होती, ती वाचली. या दोन ओळींना वाटलं, अजून उन्हाळाच आहे. वाढत राहिल्या. दिवाळीनंतर पिवळीला फुलं आली तेव्हा शेषरावांच्या लक्षात आलं. जन्म फुलांत गेलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही."

"मंग मले सांगाचं ना! दिवा काढला असता!"

"तुम्ही विचारलं असतं, बिनधंद्याच्या दोन ओळींसाठी कशाला? त्याचं उत्तर या घरात देता येत नव्हतं. ओळी कोणी लावल्या तिचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते नाव बंद करणारे शेषरावच होते. ही फुलं फुलली की दर शनिवारी अकोल्याला जातात आणि बाजारात दिसत नाहीत. कुठे जातात हे मी पाहिलेलं नाही. नत्थुजींनी पाहिलं आहे. म्हणून ते मळा सोडायला निघाले, पण बोलले नाहीत."

नत्थुजीने मालकाकडे पाहिले. शेषरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"धामणगावचा एक यापारी येते बाजारात," ते म्हणाले. "त्याच्याजवळ पुडकं देते नत्थुजी. नाव नाही, चिठ्ठी नाही. नुसते फुलं." मग नत्थुजीकडे न पाहता, "तुले बोलाले पाहिजे होतं, लेका."

"तुमी कुठी बोलले, मालक?"

मनोजने खाली वाकून वळकटी उचलली आणि पुन्हा खाटेवर ठेवली. ठेवल्यावरही तो तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

"आवंदा एकही पुडकं गेलं नाही," शेषराव म्हणाले. "तिले वाटत असन, म्हातारा इसरला."

"नाही वाटत."

बेबीताई बोलल्या होत्या. सगळे वळले.

"परवा हर्षाचा फोन आलता. म्हणे, आई, बाबा बिमार तं नाहीत ना? आवंदा फुलं नाही आले."

शेषरावांनी विचारले, "तुले माहीत होतं?"

"तीन वर्सापासून. पुडकं हाती पडलं का ती मले फोन करते. तुमी अकोल्याहून घरी पोचाच्या आधी." त्यांनी पदर सारखा केला. "तुमी बोलत नव्हते, म्हणून मीबी नाही बोलली."

कुंदनने घसा साफ केला.

"तं मंग दिवा कोणता लावू, ताई?"

"तुम्ही आधी दाखवलेला. हालचालीवर पेटणारा, वर झाकण, उजेड फक्त मोटरघराच्या दारावर. रोही आली तर घटकाभर पेटेल आणि विझेल, तेवढ्यानं शेवंतीचं काही बिघडत नाही. रात्रभराचा हवा तर शेषराव म्हणाले होते तिथे, रस्त्याकडे." ती शेषरावांकडे वळली. "उशीर झालाय, पण तुमचं धोतर वाया गेलेलं नाही. शेंडे पाहिलेत?"

शेषराव वाकले. त्यांनी शेंड्याची पाने अंगठ्याने उघडली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवी कळी होती. त्यांनी दुसरे झाड पाहिले, तिसरे पाहिले.

"महिना लागन अजून," ते म्हणाले.

"महिनाभरानं पुडकं पाठवा, मालक," नत्थुजी म्हणाला. "मी नेतो."

शेषराव सरळ झाले. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि मुलाला विचारले,

"मनोज, धामणगावले जाले सकाळची पह्यली गाडी कितीची हाय?"

"पण बाबा, फुलं तं अजून..."

"फुलं नाहीत," शेषराव म्हणाले, "म्हणूनच तं मी जातो."