दोन्ही कान बंद असताना

"ह्या भोकात तुम्ही नेमकं काय घातलंय?"

मोबाइल दुरुस्तीवाल्याने डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच विचारलं. काउंटरवर तिचा फोन उघडा पडला होता, आणि त्याच्या चिमट्याच्या टोकावर मोहरीएवढा गुलाबी कण होता.

"मी काही घातलं नाही," ती म्हणाली. "गेलं असेल आपोआप."

"आपोआप धूळ जाते. हे रबरासारखं आहे... आणि गुलाबी." त्याने भिंग कपाळावर सरकवलं. डोळे हसरे होते, पण चेष्टेचे नव्हते. माणूस खरोखरच विचारात पडला होता. "माइक बंद पडायला एवढंसं पुरतं. तुमचा आवाज पलीकडे जातच नसणार."

जात नव्हताच. तीन आठवड्यांत नोकरीसाठी चार फोन आले होते, आणि चारही वेळा पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' म्हणून फोन ठेवून मोकळा झाला होता. ती मात्र घसा ताणून उत्तरं देत राहिली होती. रेंजला शिव्या देऊन झाल्या, घरातल्या सगळ्या खिडक्यांत उभं राहून झालं. शेवटी वहिनी म्हणाली, अगं, फोनच दाखव की कुणाला तरी.

"सांगा ना, काय आहे हे," तो म्हणाला. "नाहीतर दिवसभर माझ्या डोक्यात तेच फिरत राहील."

"सिलिकॉन आहे. कानाचा साचा घ्यायचं."

"कानाचा?"

"कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्राला कानात बसणारा एक तुकडा असतो. तो ज्याच्या त्याच्या कानाच्या मापानेच करावा लागतो. त्यासाठी आधी साचा घ्यायचा. मी नऊ वर्षं तेच केलं."

"म्हणजे तुम्ही... लोकांचे कान करायच्या."

"करायचे. आता आमच्या लॅबमध्ये यंत्र आलंय. कानात दिवा फिरवला की कॉम्प्युटरवर साचा तयार. आम्हा सहाजणींना घरी बसवलं."

तो 'अरेरे' म्हणाला नाही, हे तिला बरं वाटलं. त्याने फोन जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिच्यासमोर धरला. "काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

"माझ्या डोक्यात काहीच येत नाहीये..."

त्याने ते ऐकवलं. काय बोलू, माझ्या डोक्यात काहीच येत नाहीये. आपला आवाज इतका स्वच्छ तिने कधी ऐकला नव्हता. दोघं एकदमच हसली.

त्या आठवड्यात तिच्या फोनमध्ये आणखी दोन बिघाड निघाले. दोन्ही तिलाच सापडले, त्याला नाही. एकदा आवाज कमी येतो म्हणून ती गेली, एकदा बॅटरी गरम होते म्हणून. तो फोन उलटसुलट करून बघायचा, पुसायचा, आणि मग हळूच विचारायचा... म्हातारपणी कान वाढतात का हो? जुळ्यांचे कान सारखे असतात?

"जुळ्यांचं सोडा," ती म्हणाली, "तुमचा स्वतःचा डावा कान उजव्यासारखा नसतो."

त्याचा हात नकळत कानाकडे गेला. तिने पटकन दुसरीकडे पाहिलं. पण पाहायचं ते पाहून झालं होतं.

घरी नोकरी शोधायचं खातं वहिनीकडे होतं. नोकऱ्यांच्या तीन साइटवर तिने नणंदेचं नाव चढवलं होतं, पाच ग्रुपांत तिला घुसवलं होतं, आणि सगळीकडे एकच फोटो लावला होता. तो कुठल्याशा लग्नातला, कापूनही शेजारणीचा खांदा उरलेला. बुधवारी वहिनी फोन नाचवत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"हे बघ. मुलांच्या कानांचा दवाखाना. हाताने साचे घेणारंच माणूस हवंय त्यांना. अर्जासोबत काम करतानाचा व्हिडिओ पाठवायचा. शुक्रवारी पाचपर्यंत. आणि तोच तुझ्या पानावरही टाकायचा, चार लोक बघतील."

"आणि कान कुणाचा घेऊ?"

दादाला विचारलं तर तो चप्पल घालून बाहेर पडला. वहिनीने शब्दशः कानांवर हात ठेवले. "मला गुदगुल्या होतात बाई. त्या दुरुस्तीवाल्याला विचार की. रोज जातेसच."

"रोज कुठे?"

वहिनी हसत पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

शुक्रवारी जेवणाची सुट्टी व्हायला तीन वाजले, तेव्हा त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. दुरुस्तीचे फोन ठेवायच्या स्टँडवर तिचा फोन नीट बसवला, दिवा तिच्या हातांवर येईल असा वळवला आणि स्वतः उंच स्टुलावर बसला.

"दोन्ही कान?"

"दोन्ही. एक उघडा राहिला तर तुम्ही प्रश्न विचारत बसाल."

तिने बारीक टॉर्चने कानात पाहिलं. दोरा बांधलेला स्पंजचा इवलासा गोळा आत सरकवला. गुलाबी आणि पांढरा लगदा तळहातावर एकत्र मळला, पिचकारीत भरला.

"गार लागेल."

"लागू दे."

लागलं असावं, कारण त्याने डोळे मिटले. कान मात्र गार नव्हता. कानाची पाळी तिच्या बोटांखाली हळूहळू लाल होत गेली, आणि ती का होतेय याचा विचार तिने मुद्दाम केला नाही. उजवा कान झाला, मग डावा.

"आता काय?" तो ओरडूनच बोलला. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता.

तिने पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

तो शहाण्या मुलासारखा गप्प बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि ती बोलू लागली. तिची जुनीच सवय ती. कान भरलेल्या माणसाला एकटं वाटतं, मुलं तर रडकुंडीला येतात. समोरचं कुणी बोलताना दिसलं की शांत राहतात. त्यांना ऐकू येत नसलं म्हणून काय झालं.

"घाबरला नाहीत तुम्ही, बरं वाटलं," ती म्हणाली. "तुमच्या डाव्या कानामागे एक तीळ आहे. तुम्हाला ठाऊक नसणार. अगदी खालच्या बाजूला... मला तो फार आवडला. फोनमध्ये मोडण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पुढच्या आठवड्यात कुठल्या निमित्ताने येऊ, तेवढंच कळत नाहीये."

तो हसला, कारण ती हसत होती. पाच मिनिटं झाली. साचे अलगद निघाले, अगदी गुळगुळीत.

"काय म्हणत होतात?"

"हलू नका म्हणाले."

"एवढं सगळं फक्त हलू नका?"

"सविस्तर म्हणाले."

साडेचारला ती बसमध्ये होती. गर्दी, भोंगे, वेळ कमी. तिने आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ पाहिला. हात ठळक दिसत होते, साचे छान निघाले होते. अर्जासोबत पाठवला, आपल्या पानावरही टाकला, आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

घरी पोचली तर वहिनी दारातच उभी.

"हा तीळवाला कोण गं?"

त्याने दुरुस्त केलेल्या माइकने शब्दन् शब्द टिपला होता. तिने तिथेच उभ्याउभ्या पानावरचा व्हिडिओ काढून टाकला. तोवर तीनशे चाळीस जणांनी पाहिला होता. त्यांत तो होता का? ते काही कळायला मार्ग नव्हता. आणि दवाखान्याकडे गेलेला अर्ज तर परत घेताच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"व्हिडिओ पाहिला. आवाजासकट."

"माफ करा, मी... ते चुकून राहिलं."

"माफी कशाची? ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी तुम्ही बोलत होता आणि तो पाच मिनिटं जागचा हलला नाही. माझ्याकडे दीड-दोन वर्षांची मुलं येतात. चांगले हात असलेली माणसं मला मिळतात, पण ती मुलांशी बोलत नाहीत. सोमवारी येऊन काम दाखवा." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि त्या गृहस्थांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

सोमवारी तिने तिथे दोन मुलांचे साचे घेतले. एक रडलं, एक झोपलं. नोकरी मिळाली. दवाखान्याचं गाव साडेचार तासांवर होतं, आणि एक तारखेला रुजू व्हायचं होतं.

मंगळवारी ती दुकानात गेली. वाटेत एकच प्रश्न मनात घोळत होता... त्याने पाहिला असेल का? पाहिला असला तर तोंड कसं दाखवायचं, आणि नसला तर... नसला तर बरंच की. मग जीव एवढा टांगणीला का लागावा?

तो एका फोनचा स्क्रू पिळत होता.

"व्हिडिओ पाहिलात?" तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पाहिला. दुकानात आवाज बंदच ठेवतो मी."

तिला हायसं वाटलं. आणि त्याच क्षणी आत काहीतरी खचलंही. तिने नोकरीचं सांगितलं, गावाचं सांगितलं.

"साडेचार तास," तो म्हणाला. घट्ट बसलेला स्क्रू त्याने पुन्हा एकदा पिळला. "छान झालं. खरंच."

तिची नजर टेबलाकडे गेली. तिथे, चिमटे आणि ब्रशांच्या मधोमध, दोन छोटे आरसे होते. एक डब्याला टेकवून ठेवलेला.

"हे कशाला?"

तो भिंग काढून ठेवत म्हणाला, "एका आरशात दिसत नाही. दोन लागतात."

"काय दिसत नाही?"

"डाव्या कानामागचं."

आता तिचेच कान तापले. "म्हणजे आवाज..."

"मग शटर ओढून आवाजासकट लावला. तेवढा भाग तीनदा ऐकला. चौथ्यांदा बघायला गेलो तर तुम्ही काढून टाकलेला."

शटरबाहेर कुणीतरी 'चार्जर आहे का' म्हणून विचारलं. तो 'नाही' म्हणाला. चार्जर भिंतीवर ओळीने टांगलेले होते.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "मला ते काम हवंय. नऊ वर्षं शिकलेलं वाया जाईल असं वाटत होतं. तुम्ही थांबा म्हणालात तर मला..."

"मी नाही म्हणणार थांबा. जायलाच हवं तुम्ही." त्याने हात फडक्याला पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "मला एवढंच विचारायचंय... निमित्त लागतंच का? कारण मलाही तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. त्या गुलाबी कणापासून म्हणा हवं तर."

तिचा आवाज खाली गेला होता, पण त्याला पुरेसा होता.

"तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"रविवारी."

"मलाही."

एक तारीख आली. पहिल्या सहा दिवसांत तिने अकरा मुलांचे साचे घेतले. एका पोराने तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या दिवशी तिच्या हाताखाली शिकायला एक मुलगी दिली. हे सगळं त्याला रोज फोनवर कळत होतं, तरीही रविवारी सांगायला म्हणून तिने अर्धं राखून ठेवलं होतं.

बस पाऊण तास उशिरा आली. ती फलाटाच्या टोकाला उभी राहून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. कसा झाला प्रवास तुमचा? त्रास नाही ना झाला? सगळीच पाहुण्यांना विचारायची वाक्यं. दार उघडलं, माणसं उतरली, पिशव्या उतरल्या. सगळ्यांत शेवटी तो उतरला. इस्त्रीचा शर्ट, पाण्याने बसवलेले केस. तो भलत्याच दिशेला मान उंचावून तिला शोधत होता.

ती मागून गेली. जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"आलास?" ती म्हणाली.

तो वळला. क्षणभर नुसताच बघत राहिला, आपण बरोबर ऐकलं ना असं.

"आलो," तो म्हणाला. "तू... कधीची उभी आहेस?"