बोर्सोक एकट्यानं खाऊ नयेत

एर्मेक त्या दिवशी बाहेर पडला तो फक्त नारिन गावाहून येणाऱ्या गाडीवरून आईनं धाडलेली पिशवी आणायला. गेल्या वर्षीची सोळा जानेवारी, गुरुवार. बिश्केकमध्ये उणे एकोणीस. अकरा दिवसांत पोरानं पहिल्यांदाच हॉस्टेलचा उंबरा ओलांडला होता.

"अकरा दिवस एकच मालिका," वॉचमन ओरोझाली म्हणाला; पोरं त्याला बाइके, म्हणजे दादा, म्हणत. "भाग संपला की पुढचा. सोमवारी परीक्षा, आणि हा..."

आज वीज गेली होती. पहाऱ्याच्या खोलीत मेणबत्ती, तिच्यासमोर म्हातारा, आणि भिंतीला टेकून आदिल आणि तालाय. तालायनं दुपारीच विद्यापीठातून नाव काढून घेतलं होतं. पहाटेच्या गाडीची वाट बघत तो ऐकत होता. गोष्ट म्हणे म्हाताऱ्याच्या ओळखीच्या एका वॉचमनची होती. प्रत्येक म्हाताऱ्याच्या ओळखीत असा एक जण असतोच.

"बाइके, उपदेश उद्या करा," आदिल म्हणाला. "भूत कधी येतंय?"

"येतंय. तुझ्यासारखं तासाला उशिरा येत नाही."

पिशवीत बोर्सोक होते, तेलात तळलेले पिठाचे गोळे. बाप जाऊन वर्ष व्हायचं होतं. बापाला वास पोचावा म्हणून आईनं पहाटेच तेल कढवलं होतं, आणि फोनवर बजावलं होतं की चार जणांना वाट, कुणाकडून तरी दुवा म्हणवून घे, मगच खा. तेलाच्या वासानं मेलेलं माणूस येतं. चार माणसं जेवताना बघतं, आणि समाधानानं परत जातं.

"आणि चार माणसं नसली तर?" आदिलनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मेणबत्तीची वात सारखी केली.

अकरा दिवस तोंड लपवलेल्या पोरानं कुणाचं दार वाजवायचं? एर्मेकनं पिशवी खाटेवर ठेवली, लॅपटॉप मांडीवर घेतला. मालिका लावली. रात्री पावणेबाराला पहिला बोर्सोक तोंडात टाकला. एकट्यानं. दुवा नाही, काही नाही.

खाट दबली. शेजारी.

त्यानं मान वळवली नाही. भाग संपला. पुढचा सुरू व्हायच्या आधी पडदा काळा होतो ना, एवढासा... त्या काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. आणि खांद्यामागं...

पुढचा भाग लागला.

"म्हणून तो थांबेना," म्हातारा म्हणाला. "थांबलं की काळं. काळं झालं की..."

आदिल आता हसत नव्हता.

"दीड वाजता खाली आला. हे सगळं सांगितलं. पिशवी पुढं केली. म्हणाला, बाइके, एक घ्या. पाच मिनिटं वर येऊन बसा. मी एकटा आहे... मग म्हणाला, नाही, एकटा नाहीये."

"मग?"

"वॉचमन म्हणाला, ड्यूटी आहे. अभ्यास कर. आमच्या वेळी असली थेरं नव्हती."

"आणि बोर्सोक?"

"पोट भरलं होतं त्याचं."

"पुढं केलेलं अन्न नाकारलं?" आदिल म्हणाला. "घरातून भांडून निघालेला माणूससुद्धा तुकडा मोडतो, बाइके."



"कुठल्या हॉस्टेलात?" तालायनं विचारलं.

"होतं एक..."

"एर्मेक माझ्या वर्गात होता. वर तीनशे बाराला कुलूप आहे, ते त्याच्या खोलीचं. आम्हाला सांगितलंत, मालिका बघून पोराचं डोकं फिरलं. उपदेशासाठी बरं सापडलं तुम्हाला. पुढचं सांगा. तो वॉचमन काय करत होता?"



"दोनला वीज गेली," म्हातारा हळू म्हणाला. "लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. सकाळी दार फोडलं. खाटेच्या कडेला... भिंतीला चिकटून... बसलेला. उघडे डोळे, काळ्या पडद्यावर. श्वास चालू होता."

"आणि आता?"

"नारिनला. बोलत नाही. आईनं कुठंही बसवलं तरी अर्धी जागा सोडतो."

"पाच मिनिटं मागितली होती त्यानं," तालाय म्हणाला. "तुम्हाला फक्त जिना चढायचा होता."

 कमरेची किल्ली काढून म्हाताऱ्यानं टेबलाचा खण उघडला. गेल्या वर्षीची पाहुण्यांची वही काढली.

"अकराला मीच दाराला कडी घातली होती," तो म्हणाला. त्याच्या तोंडून 'मी' पहिल्यांदाच निघालं. "डोळा लागला नव्हता माझा. ह्या खुर्चीवरून हललो नव्हतो. कुणी आलं नाही, पोरांनो. कुणी..."

तालायनं पान मेणबत्तीजवळ धरलं. शेवटची ओळ. निळी शाई, अडखळत काढलेली अक्षरं.

खोली: ३१२. कुणाला भेटायचं: मुलाला. आत आल्याची वेळ: ११.४५.

बाहेर गेल्याचा रकाना कोरा होता.