वॉल्टरचे गळ

गाडीचा ब्रेक दाबला की कधी कधी चाकातून एक किंकाळी येते. ती कुठून येते, हे शोधायचं काम चारुदत्त नेरूरकर एका मोटार कंपनीत करत असे. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळींत तो त्यासाठीच प्रसिद्ध होता. कुणाच्या घरी जेवायला गेला आणि बाहेर पाहुण्यांची गाडी थांबली, की बोलता बोलता थांबायचा आणि म्हणायचा, "मागचं डावं." बहुधा ते बरोबर निघायचं. कंप, आवाज, ताण यांवर त्याचा विश्वास होता. बाकीच्या गोष्टींवर बेताचाच.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं उत्तरेला, गाडीनं दोनेक तासांवर, एका तळ्याकाठी जुनी केबिन घेतली. बायको मृणालिनी नागपूरची. तिला पाण्याची ओढ नव्हती आणि माशाचा वास तर मुळीच सहन होत नसे. पण चारुदत्तचं बालपण वेंगुर्ल्याच्या खाडीकाठी गेलेलं. शाळा सुटली की तो गरी घेऊन मासे गरवायला बसायचा. "तिथे शांत वाटतं गं," एवढंच तो तिला म्हणाला, आणि तिनं वीकएंडचे डबे भरायला घेतले.

मासे मात्र लागेनात. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला रबरी किडे दिले होते, जांभळे, बुळबुळीत, बडीशेपेचा वास येणारे. त्या तळ्यातल्या बास माशांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेरा वर्षांची सुमेधा धक्क्यावर पाय सोडून बसायची आणि म्हणायची, "डॅड, दे आर लाफिंग अॅट यू."

जुलैत बोटीची शेड साफ करताना त्याला फळीमागे पत्र्याची एक पेटी सापडली. झाकण गंजून बसलेलं. ते उघडलं तर आत फ्लॅनेलच्या चिंध्यांत गुंडाळलेली आमिषं होती, सगळी लाकडी. पोट पांढरं आणि पाठ हिरवी असलेला मासा, चामड्याच्या शेपटीचा उंदीर, पाय ताणलेला बेडूक. प्रत्येकाला काचेचे डोळे आणि पोटाखाली गळ. सुरीचे घाव बोटाला लागत होते. कारखान्यातला माल नव्हता तो. सोबत जुना रॉड, पितळी रीळ आणि जाड विणीचा दोरा.

चारुदत्तला लहान मुलासारखा आनंद झाला. टूथब्रशनं त्यानं गंज काढला, लाकडाला जवसाचं तेल चोळलं, उडालेला रंग पुन्हा भरला. साफ करताना एक गोष्ट मात्र त्याला खटकली. गळ फार मोठे होते, बास माशाच्या तोंडाला नको इतके. आणि प्रत्येक गळाचा उलटा काटा, मासा निसटू नये म्हणून असतो तो, कानशीनं घासून सपाट केलेला होता. टोकंही जराशी बोथट.

"मासे पकडायचे नसतील बनवणाऱ्याला," मृणालिनी म्हणाली.

"मग गळ कशाला?"



त्या संध्याकाळी त्यानं बेडूक पाण्यावर टाकला. हलके झटके देत ओढला. प्लप, प्लप. तिसऱ्या की चौथ्या झटक्याला पाणी फुटलं आणि एका बास माशानं तो गिळला. धक्क्यावर चारुदत्त एकटाच मोठ्यानं हसला. बोथट गळ असूनही मासा शांतपणे आला, त्याच्या ओल्या हातात क्षणभर राहिला आणि सोडल्यावर निघून गेला. मग हे रोजचंच झालं. रबराला नसतो असा जडपणा लाकडाला असतो, त्यामुळे त्याचं डोलणं खऱ्या जिवासारखं होतं, असं त्यानं सुमेधाला कागदावर आकृती काढून समजावलं. तिनं डोळे फिरवले, पण बेडूक तिलाही आवडला होता.

ऑगस्टमध्ये त्याच्या लक्षात आलं की आमिष सरळ येत नाही. कुठेही टाकलं तरी ते हळूहळू एकाच बाजूला सरकत जायचं, धक्क्याच्या डावीकडे, जिथे तळाचा झरा होता आणि पाणी काळं दिसायचं. आधी त्याला वाटलं, लाकडी माशाच्या तोंडाशी बसवलेली, पाण्यात दिशा देणारी पत्र्याची जीभ वाकडी असेल. ती सरळ केली. मग उंदीर लावून पाहिला; त्याला तर जीभच नव्हती. मग बोट घेऊन तो काळ्या पाण्याच्या पलीकडे गेला आणि तिथून टाकला. आता आमिष उलट बाजूनं त्याच पाण्याकडे वळलं. वारा नव्हता. त्यानं वाळकी पानं पाण्यावर सोडली. पानं जागची हलली नाहीत.

एका सकाळी शेडमध्ये खिळ्यांना टांगलेल्या आमिषांपैकी बेडूक तेवढा ओला होता. खालच्या फळीवर पाण्याचा डाग होता. दव असेल, असं तो मनाशी म्हणाला. बाकीचे कोरडे का, हा प्रश्न त्यानं मनात येऊ दिला नाही.

शेजारी मिसेस कोवाल्स्की नावाच्या म्हाताऱ्या बाई राहत. मृणालिनीनं त्यांना बेसनाचे लाडू दिले होते, त्याच्या बदल्यात त्या एके दिवशी रासबेरी घेऊन आल्या. चारुदत्तच्या हातातला बेडूक पाहून त्या पायरीवर बसल्या.

"वॉल्टरचा आहे तो," त्या म्हणाल्या.

वॉल्टर म्हणजे केबिनचा आधीचा मालक. गेल्या हिवाळ्यात म्हातारपणानं वारला होता. पुतण्यानं केबिन विकली, एवढंच चारुदत्तला ठाऊक होतं.

"मासे छान लागतात यावर," तो म्हणाला.

"वॉल्टर मासे पकडत नसे. मासा लागला की त्याला राग यायचा." बाईंनी तळ्याकडे पाहिलं नाही. "त्याची मुलगी होती, एल्सी. तुमच्या मुलीएवढी. पोहायला गेली ती त्या झऱ्याच्या पाण्यात. पाणबुडे आले, जाळी टाकली. काही मिळालं नाही. मग त्यानं हे गळ करायला घेतले. लागले तरी जखम होऊ नये, असे."

मृणालिनी दारात उभी होती. "कुणी समजावलं नाही त्यांना?"

"कशाला? संध्याकाळी परत यायचा तेव्हा खूश असायचा." बाईंनी त्याच्या हातातल्या बेडकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "म्हणायचा, आज ओढ लागली."

चारुदत्तनं पेटी बंद करून फळीवर ठेवली. भीतीनं नव्हे, दुसऱ्याच्या दुःखावर आपण मजा करतोय, असं त्याला वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात, उन्हाळा संपत आलेला असताना, त्याला राहवलं नाही. शनिवारची टळटळीत दुपार होती. बेडूक दोऱ्याला बांधून तो बोटीत बसला. एकदाच टाकायचा आणि पेटी कायमची बंद करायची, असा त्याचा विचार होता.

सुमेधा ट्रकच्या ट्यूबमध्ये बसून तरंगत होती. मृणालिनी धक्क्यावर मासिक वाचत होती. चारुदत्तनं बेडूक उजवीकडे, मोकळ्या पाण्यात टाकला आणि रॉड बोटीच्या काठाला टेकवून टोपी नीट करायला मान वळवली.

ट्यूब डावीकडे होती. काळ्या पाण्यावर. रिकामी.

त्यानं हाक मारली. मृणालिनीनं मासिक खाली ठेवलं. दोघांनाही वाटलं, चेष्टा करतेय.

मग पाण्यावर काहीच हललं नाही.

तो उडी मारून खाली गेला. खाडीत पोहलेला माणूस, पण इथलं पाणी बर्फासारखं गार होतं आणि तळाशी पाणगवत दाट. डोळ्यांना अंधार. हाताला गवत, गवत, फक्त गवत. श्वास संपला तसा वर आला, पुन्हा गेला, पुन्हा रिकाम्या हातांनी वर आला आणि बोटीला लटकला. धक्क्यावरून मृणालिनी त्याचं नाव घेत होती, हळू आवाजात, एकसारखं.

तेव्हा रीळ वाजलं.

दोरा सुटत होता. उजवीकडे टाकलेला दोरा बोटीखालून वळून डावीकडे, खोल, सरळ खाली चालला होता.

त्यानं कसाबसा बोटीत चढून रॉड पकडला.

मासा असता तर थरथरला असता. आयुष्यभर कंप मोजलेल्या त्या हातांना तेवढं नक्की कळत होतं. यात थरथर नव्हती. नुसतं वजन होतं.

आणि ते वर येत होतं. त्याच्या ओढण्यापेक्षा जरा जलद.

आधी केस दिसले. मग खांदा. बेडकाचा गळ सुमेधाच्या स्विमसूटच्या पट्ट्यात अडकला होता.

त्यानं तिला बोटीत ओढलं, पालथं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. पाणी पडलं. मग ती खोकली. तो खोकला चारुदत्तला पुढे कित्येक वर्षं झोपेत ऐकू येई आणि दर वेळी तो उठून बसे, हात जोडी आणि पुन्हा झोपे.

जवळच्या गावातल्या छोट्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं. पायात गोळा आला असणार, म्हणाले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. "व्हेरी लकी गर्ल," असं म्हणून त्यांनी तिला एक रात्र ठेवून घेतलं.

परतताना गाडीत मागच्या सीटवर सुमेधा ब्लँकेट गुंडाळून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आई, पाण्यात तू आली होतीस?"

"नाही गं. बाबा आले होते. का?"

"नथिंग. आय वॉज सो स्लीपी. समवन वॉज फिक्सिंग माय स्ट्रॅप. मला वाटलं तू आहेस."

मृणालिनीनं मागे हात नेऊन तिचा पाय धरला. ट्रॉय येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

केबिन विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. चारुदत्तचंही तेच म्हणणं होतं. नको म्हणाली ती मृणालिनी. "जिथे आपली पोर परत मिळाली, त्या जागेकडे पाठ फिरवून कसं चालेल?" असं तिनं विचारलं. 

पुढच्या जूनमध्ये ते दोघंच गेले. मृणालिनीनं स्वयंपाकघरातून नारळ आणि हळदकुंकू घेतलं, पाण्यावर वाहिलं आणि पहिल्यांदाच आपणहून बोटीत बसली. काळ्या पाण्यावर ऊन पडलं होतं. चारुदत्तनं बेडूक टाकला, झटके न देता. तो आपोआप बुडाला. लाकूड असून बुडाला. दोऱ्याला ओढ लागली. हलकी, थांबून थांबून, हातात हात घालून चालताना लहान मूल देतं तशी. चारुदत्तला रडू आलं. "थँक यू," तो म्हणाला, आणि मग ते पुरेसं वाटेना म्हणून मराठीत म्हणाला, "बाळा, फार उपकार झाले तुझे."

ओढ थांबली. त्यानं दोरा हळूहळू गुंडाळला.

गळाला पाणगवत आलं होतं, लांबलचक. तो ते काढून टाकणार इतक्यात मृणालिनीनं त्याचा हात धरला. तिनं ते मांडीवर घेतलं, बोटांनी सरळ केलं. गवताची तीन पेडांची वेणी घातलेली होती. घट्ट, नीट, एकसारखी. फक्त टोकाशी ती सुटत चालली होती.

"बांधायला काही नाहीये तिच्याकडे," मृणालिनी म्हणाली.

तिनं आपल्या केसांची लाल रिबीन सोडली, बेडकाच्या गळाला सैल अडकवली, आणि चारुदत्तनं तो पुन्हा पाण्यात सोडला.

वर आला तेव्हा गळ रिकामा होता.