उलट्या सीटवरची काव्या

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथूनच परत फिरावं, कुणाची मनधरणी करणं माझ्या रक्तात नाही.

१९९६ चा रमजान. शुक्रवारची संध्याकाळ. दुबईहून रास अल खैमाला जाणारा रस्ता.

माझा धाकटा दीर दत्ताराम तेव्हा दुबईतल्याच रास अल खोर भागातल्या एका गॅरेजात फोरमन होता. मालकाने त्याला काम लावलं. आवारात दोन वर्षं धूळ खात पडलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोलीच, जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगनला जोडायची आणि रास अल खैमाला समुद्रकाठी पोचवायची.

सुट्टी म्हणून त्याने बायकोला, गिरिजाला, आणि पाच वर्षांच्या काव्यालाही गाडीत घातलं. हौस दांडगी ना!

त्या गाडीची शेवटची सीट उलटी. बसणाऱ्याचं तोंड मागे. काव्या हट्टाने तिथेच बसली...

कॅरॅव्हॅनच्या खिडकीसमोर. चार हातांवर.

निघण्याआधी दत्तारामने कॅरॅव्हॅनमध्ये शिरून पाहिलं. रिकामी. पुढच्या खिडकीचा पडदा ओढलेला. दाराला कुलूप घालून त्याने किल्ली खिशात टाकली.

उम्म अल क्वैन मागे पडलं. रोजा सोडायची वेळ झाली, तसा रस्ता ओस पडला. दोन्हीकडे नुसती वाळू.

आणि स्टीअरिंग एकदम हलकं झालं.

ओढणाऱ्याला मागचं वजन हातात कळतं. गाडीची पाठ दबली होती, नाक वर उचललं होतं, म्हणून पुढची चाकं हलकी. आतून कुणीतरी चालत पुढच्या खिडकीशी यावं... तसं.

"सामान नीट बांधलं नाहीत वाटतं," गिरिजा म्हणाली.

"आत सामान नाहीच."

मागे काव्या खुदकन हसली.

"कुणाशी गं?"

"आंटी इज कॉलिंग मी, मम्मा."

दत्तारामने आरशात पाहिलं. पडदा होता. ओढलेला.

"कुणी नाही तिथे. गप बस."

तेवढ्यात मोटरचा बारीक आवाज आला...

काव्यासमोरची, गाडीच्या मागच्या दाराची काच विजेवर खाली व्हायची. बटण फक्त ड्रायव्हरपाशी. आणि दत्तारामचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते.

काच खाली जात होती.

त्याने बटण दाबून पाहिलं. दाबतच राहिला. काच थांबेना.

काव्या सीटवर उभी राहिली. दोन्ही हात बाहेर. मग कमरेपर्यंत बाहेर.

जोरात ब्रेक मारावा, तर मागचं धूड पोरीच्या अंगावर येणार. तो हळूहळू वेग कमी करत ओरडला, "गिरिजा, धर तिला!"

गिरिजा मधली सीट ओलांडून मागे झेपावली. फ्रॉक हाती लागला.

"ओढ!"

"ओढतेय हो... येत नाहीये! पलीकडून कुणीतरी धरलंय!"

माझी जाऊ कुणाची भीड ठेवणारी नाही. तिने तोंड सोडलं. "सोड गं भवाने! माझी पोर आहे ती, सोड!"

काव्या धपकन आत पडली.

गाडी थांबली. दत्ताराम किल्ली घेऊन मागे धावला. कुलूप जसंच्या तसं. आत धुळीत एकाच माणसाच्या बुटांचे ठसे...

त्याच्या स्वतःच्या.

"इथेच सोडा हे मढं!" गिरिजा म्हणाली.

"नोकरी जाईल, व्हिसा जाईल. मग तिघंही गावाला. तीसच किलोमीटर राहिलेत. चल."

काव्याला पुढे दोघांच्या मध्ये बसवलं. काच आता निमूट वर गेली.

गाडी निघाली. कॅरॅव्हॅन पिसासारखी मागून येत होती. पण स्टीअरिंग...

अजून हलकंच.

वजन आता कॅरॅव्हॅनमध्ये नव्हतं. गाडीत होतं. मागे. उलट्या सीटवर.



दत्ताराम सांगतो, "वहिनी, मी आरसा छताकडे फिरवला." गिरिजा सांगते, तिने डोळे गच्च मिटून घेतले.

पोरीचे डोळे मात्र दोघांपैकी कुणीच झाकले नाहीत.

तीस किलोमीटर ती मान वळवून मागे बघत होती. काय बघत होती, ते तिने कधी सांगितलं नाही.

आज ती मोठी झाली आहे, सुट्टीला येते, माझ्याच शेजारी झोपते. मी आयुष्यात कुणाला घाबरले नाही.

पण तिला ते विचारायची हिंमत अजून झालेली नाही.